आमदारांपुढे उभं राहण्याची तालीम

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे नक्की झालं, तेव्हा मी पाचवीच्या मुलींना भूगोल शिकवत होते. भूगोल शिकवणाऱ्या माणसावर याहून वाईट वेळ येत नसावी. वर्गात एकच नकाशा होता, निजामाच्या काळातला, आणि त्यातलं राज्य अजून अखंड होतं. एका मुलीनं विचारलं, "बाई, आपण कुठं जाणार?"

"आपण कुठंच जाणार नाही," मी म्हणाले. "आपण इथंच बसायचं. राज्य जाणार."

मुली हसल्या. मीही हसले. पुढं कळलं की आमच्याबद्दलचं सरकारी धोरण नेमकं तेच होतं.

मराठवाडा मुंबईकडे जाणार होता, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि तेलंगणा आंध्राकडे. हैदराबाद शहर अर्थातच जागच्या जागी राहणार होतं, ते काही बैलगाडीत घालून नेता येत नव्हतं. त्या शहरात आमच्यासारखी मराठी घरं पिढ्यान् पिढ्या राहत होती. कुणी कचेरीत, कुणी कोर्टात, कुणी शाळेत. मुंबईकडचे म्हणत, ते हैदराबादचे, त्यांचं हैदराबाद बघेल. हैदराबादचे म्हणत, त्यांना त्यांचं राज्य मिळालं ना, आता आणखी काय पाहिजे? दोघंही इतक्या आपुलकीनं बोलत की आपण कुणाला नको आहोत हे समजायला आम्हाला बरेच महिने लागले.

आमची मुलींची शाळा सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत होती, कापडाच्या दुकानांच्या वर. खाली वारानं कापड फाडायचे, वर आम्ही व्याकरण शिकवायचो. फाडण्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच येई. शाळा खासगी होती, पण सातवीची परीक्षा सरकारी. ती परीक्षा पास झालेली मुलगी पुढं शिकू शकायची, नाही तर घरी बसायची. प्रश्नपत्रिका तेव्हा उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी अशा सगळ्या भाषांत निघत. एके दिवशी शिक्षणखात्यातून बातमी आली. बातमी म्हणजे तिथल्या एका कारकुनानं आमच्या शाळेच्या कारकुनाला पानाच्या दुकानावर सांगितलं, की नव्या राज्यात मराठी प्रश्नपत्रिका बंद. मराठी लोक गेल्यावर मराठी पेपर कुणासाठी काढायचा?

म्हणजे सात वर्षं मराठीतून शिकायचं आणि परीक्षेला भलत्याच भाषेत बसायचं. अशा शाळेत मुलगी कोण घालणार?

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या, आणि तेव्हापासून आपण तात्पुरत्या आलो आहोत अशा समजुतीत वावरणाऱ्या. त्यांनी शिक्षकांची सभा बोलावली.

"आपण आमदारांना भेटायचं," त्या म्हणाल्या.

शिक्षक वर्गात वाघ असतो, पण त्याला वर्गाबाहेर काढलं की तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो. आमच्याकडे मराठी आणि संस्कृत शिकवणारे एक वयस्क शास्त्रीमास्तर होते. त्यांच्या आवाजानं पहिलीतल्या मुली रडत. ते हळूच म्हणाले, "आमदाराला भेटून बोलायचं काय?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शाळेच्या समितीवरच्या एका गृहस्थांकडे होतं. हे गृहस्थ निवृत्त वकील. जन्मभर निजामाच्या कोर्टात उर्दूतून वकिली केलेली, नल्लकुंट्याला स्वतःचं घर, आणि निवृत्तीनंतर ऐकून घेणारं माणूस घरात एकच उरलेलं. त्यांच्या पत्नी. त्याही अलीकडे ऐकत नव्हत्या. वकीलसाहेबांनी निरोप पाठवला, "शिक्षकांना बोलता येतं, मागता येत नाही. रविवारी सकाळी घरी या. मी तालीम देतो."

मोठ्या बाईंनी तीन माणसं निवडली. त्या स्वतः, शास्त्रीमास्तर, आणि मी. मी का? मी सगळ्यांत लहान होते, नोकरीला नुकतीच लागले होते आणि नाही म्हणायला शिकले नव्हते.

वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात एक मोठी आरामखुर्ची होती. ते तीत बसले, पाय लांब केले, वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं आणि आतून म्हणाले, "मी आमदार. या."

आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन परत आत आलो.

"नमस्कार," मोठ्या बाई म्हणाल्या.

वर्तमानपत्र हललं नाही.

"नमस्कार," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा शाळेच्या आवाजात.

"हे असंच होणार," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "तो वाचत राहणार. तुम्ही रागवायचं नाही. आणि मास्तर, तुम्ही बसलात का?"

शास्त्रीमास्तर खुर्चीत टेकले होते, ते उडी मारून उठले.

मग नियम सुरू झाले. सांगितल्याशिवाय बसायचं नाही. पण फार वेळ उभंही राहायचं नाही, वर्गणी मागायला आल्यासारखं दिसतं. मागणी एकच सांगायची. दोन सांगितल्या तर आमदार त्यातली सोपी निवडतो, आणि सोपी मागणी म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनाला अध्यक्ष म्हणून येणं. चहा आला तर मागणी मांडून होईपर्यंत कपाला हात लावायचा नाही. "चहा प्यायलात की काम झालं असं त्याला वाटतं," वकीलसाहेब म्हणाले. "त्याचं झालेलं असतं. तुमचं नसतं."

मी हे सगळं मन लावून ऐकत होते. आज सांगायला हरकत नाही, त्या माणसाला खरोखरच बरंच कळत होतं. फक्त ते कळतं हे त्यांना स्वतःला फार कळत होतं.

पहिली पाळी शास्त्रीमास्तरांची आली. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि गोदावरीच्या काठी मराठी भाषेचा उगम कसा झाला तिथून सुरुवात केली. सातवाहन आले. राष्ट्रकूट आले. देवगिरीच्या यादवांपर्यंत पोचतात तोच वकीलसाहेब घोरू लागले. ते आमदाराचं काम करताहेत असं समजून मास्तरांनी आवाज चढवला आणि ते बहामनी राज्यात शिरले. आतून वकिलीणबाई सुशीला घेऊन आल्या, म्हणजे फोडणी घातलेले मुरमुरे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि बशी ठेवत म्हणाल्या, "मास्तर, ते खरंच झोपलेत."

जागे झाल्यावर वकीलसाहेबांनी निकाल दिला. "मास्तर, तुम्ही यायचं, पण बोलायचं नाही. शिष्टमंडळात एक पागोटं लागतं. तुम्ही वजन."

शास्त्रीमास्तरांना याचा राग येईल असं मला वाटलं होतं. ते सुटकेचा श्वास टाकून मुरमुऱ्यांकडे वळले.

मोठ्या बाईंनी मागणी मांडायची ठरलं. आणि माझ्याकडे वळून वकीलसाहेब म्हणाले, "पोरी, तू मुलींचं सांगायचंस. शिक्षण तुटेल, घरी बसतील वगैरे. डोळ्यांत पाणी पाहिजे, पण गालावर येता कामा नये."

"मला असं ठरवून रडता येत नाही, साहेब," मी म्हणाले.

"रडायचं कुठं सांगितलं? पाणी म्हटलं."

"तुमच्याकडे बत्तीस वर्षं राहून मलाही ते जमलेलं नाही," वकिलीणबाई आतून म्हणाल्या. "तिला सोडा."

असे बरेच रविवार गेले. मोठ्या बाईंचं मागणं हळूहळू आटोपशीर झालं. आधी त्या मागताना समोरच्याला छडी मिळणार असं वाटायचं, नंतर नुसता वर्गाबाहेर उभा केला जाईल इतपत वाटू लागलं. मला पाणी आणता आलं नाही, पण मी खाली बघायला शिकले. वकीलसाहेब म्हणाले, चालेल, लांबून तसंच दिसतं.

मग आमदार निवडायचा प्रश्न आला. वकीलसाहेबांनी तो आधीच सोडवून ठेवला होता. मराठवाड्यातले एक आमदार त्यांच्या मेहुणीच्या सासरकडून नात्यात लागत होते. मराठी माणूस, मराठीचा प्रश्न, आणि नातं. याहून चांगला योग कुठला? आम्ही तिघंही खूश झालो. आमच्यापैकी कुणालाही भूगोल आठवला नाही. मला तर आठवायलाच हवा होता, मी तो शिकवत होते.

आमदारसाहेब सरकारी बंगल्यात राहत. आम्ही गेलो तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत नव्हते. ते दारातच उभे होते, हात पसरून. "या, या! आपली माणसं आली!"

दिवाणखान्यात खुर्च्या नव्हत्या, म्हणून त्यांनी आम्हाला मोठमोठ्या पत्र्याच्या ट्रंकांवर बसवलं. मोठ्या बाईंनी ठरल्याप्रमाणे एका दमात मागणी मांडायला सुरुवात केली. चौथ्या वाक्याला आमदारसाहेबांचे डोळे भरून आले. मी अजून खाली बघायला सुरुवातसुद्धा केली नव्हती.

"मराठी पेपर बंद?" ते म्हणाले. "माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही! मातृभाषा म्हणजे काय चेष्टा आहे?"

त्यानंतर मातृभाषेवर ते जे बोलले त्यात सातवाहन, राष्ट्रकूट आणि यादव सगळे आले. शास्त्रीमास्तर इतका वेळ पागोटं सांभाळून बसले होते, त्यांना राहवेना. तेही मधून मधून एखादा राजा पुरवू लागले. चिवडा आला, चहा आला. आम्ही कपाला हात लावला नाही, तर आमदारसाहेबांनी कप उचलून आमच्या हातात दिले. विरोध करणाऱ्या माणसासाठी आम्ही सगळी तालीम केली होती. हा माणूस आमच्या दोन पावलं पुढं धावत होता.

निघताना मोठ्या बाईंचा चेहरा उजळला होता. मी सहज विचारलं, "साहेब, नवी विधानसभा भरली की पहिल्यांदाच मांडाल का हा प्रश्न?"

"कुठली नवी?" आमदारसाहेब म्हणाले.

"इथली. नव्या राज्याची."

"इथल्या विधानसभेत मी कसा असेन, बाई? माझा जिल्हा मुंबई राज्यात चाललाय. मी मुंबईला बसणार." त्यांनी अभिमानानं ट्रंकेवर थाप मारली. "सामान बांधून तयार आहे."

ज्या ट्रंकेवरून मी नुकतीच उठले होते तिच्यावर पांढऱ्या रंगानं त्यांचं नाव आणि खाली मुंबई असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. आम्ही तासभर त्यावर बसलो होतो.

"पण तिथून मी आवाज उठवीन," ते दारात पुन्हा डोळे पुसत म्हणाले. "तुमच्या पाठीशी आहे."

आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. मग शास्त्रीमास्तर म्हणाले, "माणूस मात्र विद्वान."

पुढच्या रविवारी वकीलसाहेबांनी हा पराभव आहे हे मान्यच केलं नाही. "रंगीत तालीम झाली," ते म्हणाले. "आता खरा प्रयोग. जो इथं राहणार आहे त्याला गाठायचं."

इथं राहणारे आमदार तेलुगू बोलणारे होते किंवा उर्दू बोलणारे. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके रविवार आम्ही शुद्ध मराठीत कळवळलो होतो. जिथं कळवळायचं तिथली भाषा कुठली, हे विचारायचं राहून गेलं होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मी राष्ट्रभाषेची परीक्षा दिलेली आहे. हिंदीत बोलेन." त्यांनी बोलून दाखवलं. 'महोदय, हमारी कन्याएँ संकटग्रस्त हैं' असं ते सुरू झालं. वकीलसाहेबांनी कानावर हात ठेवला. शास्त्रीमास्तरांचं म्हणणं होतं की तेलुगूत पुष्कळ संस्कृत शब्द आहेत, तेव्हा आपण संस्कृतात बोललो तर अर्थ आपोआप पोचेल.

"मी बोलू का?" मी म्हणाले. "मला गल्लीतली उर्दू येते. तेलुगू भाजी घेण्यापुरती."

"गल्लीतली म्हणजे?"

"हौ, नक्को, कैकू. तीच."

"विधिमंडळाच्या सदस्यापुढे कैकू?" वकीलसाहेब ताडकन उठून बसले. "नक्को, नक्को!" आणि आपण काय बोललो हे ध्यानात न येता त्यांनी जाहीर केलं की या वेळी ते स्वतः सोबत येतील आणि कोर्टाच्या उर्दूत मागणी मांडतील. आम्ही तिघांनी फक्त मागं उभं राहायचं. तालीम देणाऱ्याला शेवटी स्वतःच रंगमंचावर जायचं असतं, हे मी पुढं आयुष्यात पुष्कळदा पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हे दुसरे आमदार हिमायतनगरला राहत. वयानं पन्नाशीचे, धोतर, अंगात बनियन, आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून एकामागून एक माणसं निकालात काढत होते. कुणाच्या विहिरीचं, कुणाच्या बदलीचं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. आमची पाळी आली. वकीलसाहेब पुढं झाले, छातीवर हात ठेवून किंचित वाकले आणि बोलू लागले. ते काय बोलले हे मला सांगता येणार नाही. मी जन्मभर या शहरात उर्दू ऐकत आले, पण त्यातला 'में' आणि 'का' सोडून मला एक शब्द कळला नाही. एकेक वाक्य फौजदारी खटल्याएवढं लांब होतं.

आमदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वकीलसाहब, मैं भी उर्दू में ही पढ़ा. मगर ये कौन सी ज़बान है?"

मागच्या बाकावरचे लोक हसले. वकीलसाहेब लाल झाले. मोठ्या बाईंनी परिस्थिती सावरायला 'महोदय' म्हणून तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांपुढं संकटग्रस्त कन्या उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या आधीच बोलून गेले.

"साहब, सातवीं का सरकारी परचा अब मराठी में नहीं निकलता बोल रहे. हमारी लड़कियाँ मराठी में पढ़े, मराठी में लिखते. परचा नहीं निकला तो माँ-बाप उनकू घर में बिठा लेते. इत्ताच है. परचा निकालो बोलके आए हम लोगां."

वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. आमदारांनी मात्र खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुम पढ़ाते?"

"हौ साहब. भूगोल."

"तुम्हारे स्कूल में तेलुगू पढ़ाते?"

हा प्रश्न आमच्या तालमीत कधी आला नव्हता. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र वाचणारा आमदार केला होता, झोपणारा केला होता, चहा पाजून वाटेला लावणारा केला होता. प्रश्न विचारणारा आमदार त्यांच्या कल्पनेतही आला नव्हता.

"नहीं साहब," मी म्हणाले.

"कैकू नहीं?"

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या. कैकू नहीं, म्हणजे का नाही, याचं खरं उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घरांतून तेलुगू म्हणजे भाजीवाल्याची आणि मोलकरणीची भाषा. ती यायची, पण शिकायची नसते. माझी आजी जन्मभर तेलुगूत घासाघीस करत आली आणि 'आम्हाला बाई तेलुगू येत नाही' असं सांगत आली. हे या माणसाच्या व्हरांड्यात उभं राहून कसं सांगणार?

"गलती है, साहब," मी म्हणाले.

ते खुर्चीत पुढं वाकले. आवाज चढला नव्हता, पण त्यात आता विहिरी आणि बदल्या निकालात काढण्याची घाई नव्हती. "मेरे गाँव में स्कूल था, अम्मा. तेलुगू का एक हरफ नहीं था उसमें. घर में एक ज़बान, स्कूल में दूसरी. मार खाके सीखा मैं. तुम्हारी लड़कियाँ मार खाना, ऐसा मैं नहीं बोलतुं. परचे के वास्ते मैं बोलूँगा, ऊपर तक बोलूँगा. मगर इस शहर में रहना है तो इस शहर की ज़बान भी सीखना. पढ़ाते क्या?"

"पढ़ाते साहब," मी म्हणाले. "अगले साल से. पाँचवीं से."

शेजारी मोठ्या बाईंनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला.

"कूर्चोंडी," आमदार म्हणाले, म्हणजे बसा. मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी चहा सांगितला. मागणी मांडून झालेली होती, म्हणून आम्ही तो प्यायलो. वकीलसाहेबसुद्धा प्यायले.

फाटकाबाहेर पडताक्षणी मोठ्या बाई थांबल्या.

"कुणाला विचारून कबूल केलंत?"

"तुम्हाला विचारायला वेळ नव्हता, बाई."

"मी तुमच्या शेजारी उभी होते!"

"तुम्ही छताकडे बघत होतात."

त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. शाळेचं शैक्षणिक धोरण एका नवशिक्या शिक्षिकेनं एका व्हरांड्यात का बदललं? शिक्षकांच्या खोलीतही वातावरण तापलं. कुणी म्हणालं, मराठी वाचवायला पाठवलं होतं, ही तेलुगू घेऊन आली. मी घरी रडले, आणि या वेळी पाणी गालावर आलं. वडील माल-खात्यात, म्हणजे महसुलात, नोकरीला होते, आणि कुठल्या राज्यात जाणार या प्रश्नाला त्यांनी स्वतः अजून उत्तर दिलेलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "त्यांनी तुला विचारलेला प्रश्न चुकीचा होता का?"

"नाही."

"मग उत्तर लिही."

मी खुलाशात लिहिलं की प्रश्न योग्य होता आणि दुसरं उत्तर मला सुचलं नाही, कुणाला सुचत असेल तर त्यांनी आमदारांना जाऊन सांगावं. कुणी गेलं नाही. हिमायतनगर तसं फार लांब नव्हतं.

शाळेच्या समितीत माझी बाजू घेतली ती वकीलसाहेबांनी. मला याचं आश्चर्य वाटलं होतं, कारण व्हरांड्यातलं हसू त्यांना लागलं होतं हे मला माहीत होतं. त्यांनी समितीला सांगितलं, "मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भाषेत भांडलो, म्हणून घर चाललं. मुली आणखी एक शिकल्या तर काय बिघडेल?" नंतर अर्थात ते असंही म्हणाले, की मुलगी इतकं धीटपणे बोलली ती तालमीमुळेच. पुढं प्रत्येक लग्नात आणि मुंजीत त्यांनी ही गोष्ट सांगितली. सांगता सांगता त्यातली गल्लीतली उर्दू सुधारत गेली आणि शेवटी शेवटी ती वाक्यं त्यांनी मला पाठ करून दिली होती असं झालं. मी खोडून काढलं नाही.

नवं राज्य झालं. काही महिन्यांनी परिपत्रक आलं, मराठी प्रश्नपत्रिका सध्या चालू राहील. 'सध्या' हा शब्द सरकारात फार टिकाऊ असतो, तो बरीच वर्षं पुरला. हे त्या आमदारांमुळे झालं, की आणखी कुणाच्या अर्जामुळे, की परिपत्रक काढणाऱ्याला बंद करण्याचा कंटाळा आला म्हणून, ते मला कधीच कळलं नाही. मुंबईहून मात्र पहिल्या आमदारांचं अभिनंदनाचं पत्र आलं. त्यांनी आवाज उठवल्याचा हा परिणाम आहे, असं त्यात होतं.

शाळेत सत्कारसमारंभ झाला. त्यात मोठ्या बाईंचा सत्कार झाला आणि त्यांनी औरंगाबादच्या एका शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाल्याचं त्याच भाषणात सांगितलं. मराठी वाचली होती, आता त्या मराठी राज्यात जायला मोकळ्या झाल्या. सातवीच्या वर्गातल्या पुष्कळ मुलीही आईबापांबरोबर निघून गेल्या. ज्यांच्यासाठी भांडलो त्यातल्या अर्ध्या बाकांवर धूळ बसली.

तेलुगूचा तास सुरू झाला. शिक्षक मिळाले ते एक शांत गृहस्थ, वरंगळकडचे. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर ते आम्हा शिक्षकांनाही शिकवत. शास्त्रीमास्तर पहिल्या दिवशी नाक मुरडून बसले, आणि पंधरवड्यात त्यांचं नि त्या गुरुजींचं संस्कृत शब्दांवरून असं जमलं की आम्हा बाकीच्यांना धडा मिळेना. वकीलसाहेबही नल्लकुंट्याहून येत, पाटी घेऊन पहिल्या बाकावर बसत आणि गुरुजींना मधेच सांगत की हे असं शिकवू नका, तसं शिकवा.

नव्या राज्यातल्या पहिल्या सरकारी परीक्षेत, भूगोलाच्या पेपराच्या दिवशी, मी पर्यवेक्षक होते. प्रश्नपत्रिका वाटल्या आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. मी एक हातात घेतली. मराठी न येणाऱ्या कुणीतरी ती छापखान्यात जुळवली होती. भूगोलाच्या पहिल्या प्रश्नात 'नद्यांची नावे लिहा' या ठिकाणी 'नंद्यांची नावे लिहा' असं होतं. दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली, "बाई, नंदी कुठले?"

परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षकानं प्रश्नाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, असा नियम होता. सरकारी शिक्क्यानिशी भिंतीवर लावलेला होता.

"नद्या," मी म्हणाले. "नद्या गं. लिहा आता."

मुलींनी माना खाली घातल्या आणि लिहायला लागल्या.